बाटलीवर विधवेचं नाव

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज मी तुम्हाला वाईनच्या एका शहराची गोष्ट सांगणार आहे. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका! ऐकणाऱ्यांमध्ये कितीतरी जणी अशा आहेत, ज्यांनी आपल्या गावात 'आडवी बाटली'ला मत देऊन दारूचं दुकान बंद पाडलं. त्या रांगेत मीही उभी होते. दारूची तरफदारी करायला मी आलेली नाही. मला गोष्ट सांगायची आहे ती सहीची. बाईची सही कधी चालते, कधी चालत नाही, आणि ती चालावी म्हणून तिला कशाची वाट बघावी लागते, त्याची.

माझी भाची फ्रान्समध्ये शिकते. गेल्या सप्टेंबरात तिने मला तिकडे बोलावून घेतलं. तिच्या शहराचं नाव रँस. पॅरिसच्या ईशान्येला, वेगाच्या रेल्वेने पाऊण तासावर. या भागाला शॅम्पेन म्हणतात आणि तिथे होणाऱ्या फेसाळ वाईनलाही तेच नाव. आपल्याकडे सिनेमात बूच उडवतात ना, तीच ती.

भाची म्हणाली, "मावशी, शहर बघायचं तर सायकलवरून. गाईड बरोबर असते, तीन तासांत सगळं दाखवते." मी म्हटलं, "अगं, माझं वय बासष्ट!" ती म्हणाली, "बॅटरीची सायकल आहे, चढाला ती ढकलते." लहानपणी मी भावाच्या सायकलवर कैची मारत शिकले होते. नोकरीला लागल्यावर शाळेतही सायकलनेच जायचे. म्हटलं, बघू. डोक्याला हेल्मेट, अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, अशी मी निघाले. आम्ही आठ जण होतो आणि पुढे गाईड मुलगी. ती इंग्रजीत सांगायची, भाची मला मराठीत.

पहिला थांबा रोमन लोकांनी बांधलेल्या कमानीपाशी होता. कमान साधारण अठराशे वर्षांपूर्वीची. तिच्या छताच्या दगडात बारा महिन्यांची शेतीची कामं कोरलेली होती. त्यातली काही चित्रं अजून दिसतात. राजे-सरदार सोडून शेतीची कामं कोरली, याचं मला बरं वाटलं. तिथून आम्ही मोठ्या चर्चकडे गेलो.

या चर्चचं बांधकाम १२११ साली सुरू झालं. समोर उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. १२२३ पासून १८२५ पर्यंत फ्रान्सच्या पंचवीस राजांचा राज्याभिषेक इथे झाला. राण्यांचा अभिषेक बहुतेक वेळा इथे न होता पॅरिसजवळच्या दुसऱ्या चर्चमध्ये व्हायचा. पण इथल्या सगळ्यात गाजलेल्या राज्याभिषेकाच्या वेळी राजाच्या शेजारी एक शेतकऱ्याची पोर उभी होती. तिचं नाव जोन. आपण पुस्तकात 'जोन ऑफ आर्क' म्हणून वाचलेलं असतं.

त्या वेळी फ्रान्सचा बराच भाग इंग्रजांच्या आणि त्यांच्या दोस्तांच्या ताब्यात होता. सतरा-अठरा वर्षांची ही मुलगी सैन्याबरोबर चालत निघाली, वेढा उठवला, आणि युवराजाला शत्रूच्या मुलखातून रँसपर्यंत आणलं. १७ जुलै १४२९ रोजी त्याला मुकुट चढला. दोन वर्षांच्या आत शत्रूने तिला पकडून, खटला चालवून जिवंत जाळलं. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

हे मला माहीत होतं. पण गाईडने सांगितलेली एक गोष्ट नवी होती. जोन लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. पत्रं ती दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. तरीही शेवटच्या काळात ती आपलं नाव काढायला शिकली. १४३० च्या मार्च महिन्यात तिने रँसच्या लोकांना पत्रं पाठवली. त्यांवर खाली तिची सही आहे. मोठी, जराशी वाकडी अक्षरं. भाचीने मोबाईलवर त्या सहीचं चित्र दाखवलं आणि मला आपल्या गटातल्या बायका आठवल्या. बँकेत खातं उघडायच्या आदल्या रात्री पाटीवर नाव गिरवत बसलेल्या. अंगठा पुसून पहिली सही केली, तेव्हा त्यांची अक्षरंसुद्धा अशीच वाकडी होती.

चर्चच्या दारावर एक हसणारा देवदूत आहे, दगडाचा. पहिल्या महायुद्धात, १९ सप्टेंबर १९१४ रोजी, जर्मन तोफांच्या माऱ्याने चर्चला आग लागली. देवदूताचं डोकं तुटून खाली पडलं, त्याचे तुकडे झाले. कुणीतरी ते तुकडे गोळा करून जपून ठेवले. युद्धानंतर ते जोडून डोकं पुन्हा बसवलं. आज तो हसतोच आहे, पण जवळून पाहिलं तर घाव दिसतो. शहराचा बहुतेक भाग त्या युद्धात पडला होता. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतर बांधलेलं.

तिथून आम्ही दक्षिणेकडे वळलो. रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी पट्टी आहे, त्यामुळे भीती वाटली नाही. वाटेत संत रेमीचं जुनं चर्च लागलं. तिथे पाच मिनिटं टेकलो, पाणी प्यायलो, आणि टेकडी चढलो. बॅटरीने खरंच ढकललं!

या टेकडीच्या पोटात खडूचा दगड आहे. हो, फळ्यावर लिहितो तो खडू, त्याच जातीचा मऊ पांढरा दगड. रोमन काळापासून लोकांनी घरं आणि चर्च बांधायला तो खणून काढला. वरून तोंड अरुंद आणि खाली रुंद, अशा शंकूसारख्या खोल खाणी राहिल्या. आत उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखाच गारवा असतो. पुढे वाईनवाल्यांनी याच खाणी तळघरं म्हणून वापरायला घेतल्या. २०१५ साली इथल्या द्राक्षाच्या टेकड्या, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि ही तळघरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

आत उतरले आणि मला हसूच आलं. भिंतीलगत हजारो बाटल्या, आणि सगळ्या आडव्या! भाचीला म्हटलं, "बघ, इथेसुद्धा आडवी बाटली जिंकली." तिने ते गाईडला समजावून सांगितलं. आपल्याकडे बायका मत देऊन दुकान बंद करू शकतात, हे ऐकून ती मुलगी थक्क झाली.

मग तिने एका बाटलीची चिठ्ठी दाखवली. त्यावर लिहिलं होतं, 'व्हव क्लिको पाँसार्दाँ'. व्हव म्हणजे विधवा. मी भाचीला दोनदा विचारलं, "नक्की विधवाच?" नक्की तेच. आपल्याकडे पूर्वी विधवेच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायचे. पत्रात, लग्नपत्रिकेत, मतदारयादीत. ती दोन अक्षरं दिसली की बाई मागे सरायची. इथे तोच शब्द जगभर जाणाऱ्या बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलेला. असं कसं झालं?

बार्ब-निकोल पाँसार्दाँ ही रँसच्या एका कापड कारखानदाराची मुलगी. जन्म १७७७ चा. वडील मोठे वजनदार, पुढे शहराचे महापौर झाले. १७९८ साली तिचं लग्न फ्रांस्वा क्लिकोशी झालं. त्याच्या घरचाही कापडाचा धंदा, जोडीला थोडा वाईनचा व्यापार. एक मुलगी झाली. १८०५ साली नवरा तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हा ही सत्तावीस वर्षांची होती.

सासऱ्याने मुलाच्या दुःखात वाईनचा धंदा बंद करायचं ठरवलं. सून त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, मी चालवते. सासऱ्याने मान्य केलं, पण एका जाणत्या व्यापाऱ्याला भागीदार घेऊन चार वर्षं काम शिकायच्या बोलीवर. चार वर्षांत नफा फारसा झाला नाही. भागीदार बाजूला झाला. १८१० पासून तिने धंदा आपल्या एकटीच्या नावावर चालवला. ते नाव पुन्हा बघा. क्लिको हे सासरचं, पाँसार्दाँ हे माहेरचं, आणि आधी 'विधवा'. नवऱ्याचं स्वतःचं नाव, फ्रांस्वा, त्यात कुठेच नाही.

आता यातली खरी मेख. नवरा जाण्याच्या एकच वर्ष आधी, १८०४ साली, नेपोलियनच्या राज्यात नवा दिवाणी कायदा लागू झाला होता. त्यात लिहिलेलं होतं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मालमत्ता विकता येत नव्हती, गहाण टाकता येत नव्हती, कोर्टात दावा लावता येत नव्हता. व्यापार करायचा तरी त्याची परवानगी हवी. बाप श्रीमंत असो नाहीतर महापौर असो, लग्न झालेल्या मुलीच्या एकटीच्या सहीला किंमत नव्हती. सही चालायची ती विधवेची. तिच्यावर नवऱ्याचा ताबा उरलेला नसायचा, म्हणून ती करार करू शकायची, उधार देऊ-घेऊ शकायची, नोकर ठेवू शकायची.

म्हणजे त्या बाटलीवरचा 'विधवा' हा शब्द व्यापाऱ्यांना एक गोष्ट सांगत होता. या बाईची सही चालते.

तिने त्या सहीचं सोनं केलं. पण आधी फार सोसलं. नेपोलियनची युद्धं चालू होती, बंदरं अडलेली, माल पडून. १८१४ साली युद्ध संपत आलं, तेव्हा बाकीचे व्यापारी रस्ते मोकळे व्हायची वाट बघत बसले. हिने गुपचूप एक जहाज भाड्याने घेतलं आणि १०,५५० बाटल्या रशियाच्या दिशेने रवाना केल्या. माल जप्त झाला असता किंवा उन्हाने फुटला असता, तर दिवाळं निघालं असतं. पण तो सगळ्यांच्या आधी पोचला आणि हातोहात खपला.

दुसरं तिचं काम स्वयंपाकघरातल्या बाईला चटकन समजेल. इडलीचं पीठ फुगतं तसं या वाईनचं असतं. बाटलीत साखर आणि यीस्ट घालून बूच मारतात. आत ती फसफसते, वायू कोंडतो. त्याचा दाब चारचाकीच्या टायरातल्या हवेच्या साधारण तिप्पट. पण नंतर मेलेल्या यीस्टचा गाळ बाटलीतच राहतो आणि वाईन गढूळ दिसते. दुसऱ्या बाटलीत ओतावी तर वायू उडून जातो. करायचं काय?

बार्ब-निकोलने तळघराच्या मुकादमाला हाताशी धरून तोड काढली. टेबलाला भोकं पाडायची. बाटल्या त्यांत तोंड खाली करून ठेवायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. गाळ हळूहळू घसरत बुचापाशी जमतो. मग बूच काढलं की दाबाने गाळ तेवढा बाहेर उडतो, वाईन स्वच्छ राहते. हे १८१६ च्या सुमाराचं. म्हणतात की पहिलं टेबल तिच्या स्वयंपाकघरातलंच होतं. आज बरंचसं काम यंत्र करतं, पण युक्ती तीच.

ती १८६६ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. मोठी बाई खरीच. पण एक गोष्ट सांगायला हवी. आपला धंदा तिने लेकीच्या हाती दिला नाही. लेकीचं लग्न सरदार घराण्यात लावून दिलं आणि धंदा सोपवला तो एका विश्वासू पुरुष भागीदाराकडे. लेक सवाष्ण होती. कायद्याने तिची सही पुन्हा नवऱ्याच्या मुठीत. आईने उघडलेलं दार आईपुरतंच उघडलं. आणि ते उघडायलाही माहेर-सासरचा पैसा पाठीशी होता. त्याच टेकड्यांवर मजुरी करणाऱ्या विधवांच्या सह्या कुणी मागितल्याच नाहीत.

याच टेकडीवर दुसऱ्या एका विधवेचा मोठा वाडा आहे. तिचं नाव लुईज पोमरी. १८५८ साली नवरा गेला तेव्हा तिची वयाची चाळिशीही झाली नव्हती. मांडीवर तान्ही मुलगी. तिने लोकरीचा धंदा सोडला आणि वाईन धरली. पुढे जमिनीखालच्या १२० जुन्या खाणी बोगद्यांनी एकमेकींना जोडल्या. हे बोगदे १८ किलोमीटर भरतात. खाली उतरायला ११६ पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्यांनी त्या एकेक मोजल्या! त्या काळी शॅम्पेन फार गोड असायची. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला कमी गोड लागते हे ओळखून तिने १८७४ साली कोरड्या चवीची वाईन बाजारात आणली. आज जगात जास्त करून तशीच खपते.

मला मात्र तिची दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. मिले नावाच्या चित्रकाराने १८५७ साली एक चित्र काढलं होतं. कापणी झालेल्या शेतात तीन बायका कमरेत वाकून सरवा वेचत आहेत. मागे लांब मालकाच्या गंजी रचल्या जात आहेत. आपण कितीजणींनी असा सरवा वेचलेला आहे! कापणीनंतर राहिलेली कणसं वेचायची मुभा तिथेही गरिबांना होती. चित्र आलं तेव्हा पॅरिसच्या बड्या लोकांना ते आवडलं नाही. गरीब बायकांना एवढं मोठं करून कशाला दाखवायचं, म्हणून. लुईज पोमरीने ते चित्र विकत घेतलं, आणि १८९० साली ती गेल्यावर ते देशाला मिळालं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. तिन्ही बायकांची नावं कुणालाही माहीत नाहीत.

पहिल्या महायुद्धात याच पोमरीच्या तळघरात शाळा भरायची. वर तोफा आणि खाली फळा. लोक महिनोन् महिने तळघरात राहिले. १९१४ च्या सप्टेंबरात द्राक्षं पिकली तेव्हा गडी माणसं लढाईवर होती. तोडणी केली ती बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी, तोफांच्या आवाजात. त्या वर्षीची वाईन उत्तम म्हणून नावाजली गेली. बाटलीवर नावं मात्र मालकांची.

शेवटच्या टप्प्यात आम्ही कालव्याच्या काठाने शहराबाहेर पडलो. सपाट रस्ता, एका बाजूला पाणी, लांबवर द्राक्षाच्या टेकड्या. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे हे दृश्य ओळखीचं वाटलं. फरक असा की त्यांच्या वेली कमरेएवढ्या बुटक्या. आपल्यासारखा मांडव नाही, त्यामुळे दिवसभर वाकून तोडावं लागतं. शॅम्पेनची द्राक्षं हातानेच तोडायची असा नियम आहे, यंत्र चालत नाही. छाटणी जास्त करून पुरुषांची आणि काड्या तारेला बांधायचं काम पूर्वापार बायकांचं. तोडणीच्या वेळी सडके मणी निवडून काढायला टोपल्यांपाशी बायकाच बसायच्या. ऐकताना वाटत होतं, कुणी आपल्याच गावचं सांगतंय.

तिथेही सगळं गोड नाही. २०२३ च्या तोडणीसाठी बाहेरून आणलेल्या मजुरांना अगदी वाईट जागी कोंबून ठेवलं होतं. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२५ साली मुकादमी करणाऱ्यांना शिक्षा झाली. आपल्या ऊसतोडीच्या बायांना यात नवं काही वाटणार नाही.

गाईडने डोंगराकडे बोट दाखवून सांगितलं, त्याच्या पलीकडे एक गाव आहे, त्याचं नाव आई. मी चमकलेच. फ्रेंचमध्ये ते वेगळं लिहितात, पण म्हणतात 'आ-ई'च. १९११ साली या गावात शेतकऱ्यांचा भडका उडाला होता. व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेनच्या नावाने विकतात आणि आमच्या मालाला भाव देत नाहीत, हा राग. पेढ्या फोडल्या, वाईन रस्त्यावर वाहिली, सैन्य आलं. त्यातूनच पुढे कायदा आला की या भागातल्या द्राक्षांची, ठरलेल्या पद्धतीने केलेली, तीच शॅम्पेन. १९८० च्या दशकात रँसच्या एका पेढीच्या मदतीने आपल्या नारायणगावला फेसाळ वाईन तयार झाली, तीसुद्धा वेगळ्या नावाने बाहेर विकावी लागली. नावाला किती किंमत असते बघा. शेतकरी नावासाठी रस्त्यावर उतरले.

याच आई गावात तिसरी विधवा होऊन गेली, लिली बोलँजे. १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यात देश असताना तिचा नवरा गेला. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. पेट्रोल मिळत नव्हतं. म्हणून ती सायकलवर बसून बागेबागेत जायची, वेली बघायची, मजुरांशी बोलायची. युद्ध संपलं तरी तिने सायकल सोडली नाही. १९७१ पर्यंत तिने कारभार पाहिला. हे ऐकल्यावर मी माझ्या भाड्याच्या सायकलची घंटी एकदा उगाच वाजवली.

तिघीही कर्तबगार. पण तिघींच्या हाती किल्ल्या आल्या त्या नवरा गेल्यावर. गाईडला मी विचारलं, तुमच्याकडे लग्न झालेल्या बाईची सही पूर्णपणे कधी चालायला लागली? ती म्हणाली, फ्रान्समध्ये बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं १९४५ साली. आणि लग्न झालेल्या बाईला नवऱ्याला न विचारता बँकेत खातं उघडता यावं, नोकरी धरता यावी, असा कायदा झाला १९६५ साली. १९६५! माणूस चंद्रावर जायची तयारी चालली होती तेव्हा.

शेवटी सगळ्यांना चवीपुरती वाईन दिली. माझा पेला भाचीने संपवला. मी कालव्याकडे बघत बसले आणि मला माझी आई आठवली. गावाचं नाव ऐकल्यापासून ती मनात होतीच.

माझे वडील १९७४ साली गेले. आई तेव्हा एकोणतीस वर्षांची, आम्ही तीन भावंडं. जमीन साडेतीन एकर. सातबाऱ्यावर थोरल्या चुलत्यांचं नाव आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. शेत आईच कसायची. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं, कांदे काढायला मात्र सगळे बोलवायचे. सोसायटीचं कर्ज घ्यायचं तर चुलत्यांची सही. विहिरीवर मोटर बसवायची तर चुलत्यांची सही. चुलते वाईट नव्हते, पण ते घरी नसले की आईचं काम अडायचं. तिने वारस नोंदीसाठी खेटे घालायला सुरुवात केली. एकदा हा कागद कमी, एकदा तो साहेब रजेवर. नाव लागलं १९९१ साली. सतरा वर्षं! फेरफाराचा कागद तिने देवाच्या फोटोमागे ठेवला होता. त्यानंतर ती चारच वर्षं जगली.

आईची ही गोष्ट मी भाचीला तिथेच कालव्याकाठी सांगितली. तिची ती आजी, पण तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, आता तुझ्या घरच्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का?"

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बत्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. जोनच्या सनावळ्या तोंडपाठ. आईची सतरा वर्षं डोळ्यांसमोर. आणि माझ्या सासरच्या जमिनीवर, माझ्या पगारातून बांधलेल्या घरावर, माझं नाव नव्हतं. मागायचं काही कारणच पडलं नाही. यजमान चांगले आहेत, भांडण नाही. मग नाव कशाला, असं मीच म्हणत आले.

परत आल्यावर मी यजमानांशी बोलले. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कुणी अडवलंय? उद्या जाऊ." गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावे झालं. जमिनीचा अर्जही दिला आहे. शेतकरी संघटनेने कितीतरी वर्षांपूर्वी 'लक्ष्मीमुक्ती' नावाने हीच चळवळ गावोगाव नेली होती. नवऱ्याने हयातीत बायकोचं नाव जमिनीला लावायचं. सरकारनेही पुढे त्याच नावाने योजना काढली. रस्ता जुनाच आहे, मीच त्यावर चालले नव्हते. आणि माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ च्या कायद्याने सांगितलंय. तेही आपण सोयीने विसरतो.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने येताना घरचा सातबारा आणि घराचा नमुना आठ आणा. मोबाईलवर काढला तरी चालेल. सगळ्यांनी मिळून वाचा. कुणाचं नाव कुठे आहे, कुणाचं 'इतर हक्का'त ढकललंय, कुणाचं मुळीच नाही, हे वहीत लिहून ठेवा. ज्या विधवा मैत्रिणींची वारस नोंद राहिली आहे, त्यांचा अर्ज पहिला भरा आणि तलाठ्याकडे चौघीजणी मिळून जा. माझी आई एकटी जायची. चौघी गेल्या असत्या, तर कदाचित सतरा वर्षं लागली नसती.

रँसच्या त्या बाईचं नाव बाटलीवर यायला नवरा जावा लागला. आपले धनी शंभर वर्षं जगोत. नाव मात्र त्यांच्यासमोरच लागू द्या.